ऊ बा खिन यांचा नकार

रंगूनचे व्यापारी सत्यनारायण गोएंका 1955 मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशी बरी व्हावी म्हणून. दुखणं इतकं तीव्र की मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातल्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. ऊ बा खिन ब्रह्मदेशाच्या सरकारात महालेखापाल राहिलेले, हिशेबातला चोख माणूस, आणि विपश्यना ध्यानाचे शिक्षक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, डोकेदुखी घालवण्यासाठी येणार असाल तर शिकवणार नाही. मन निर्मळ करायचं असेल तर या.

या नकाराची आठवण आज वारंवार होते. कंपन्यांमधून माइंडफुलनेसच्या कार्यशाळा भरतात. ताण कमी होईल, झोप लागेल, काम दुप्पट होईल, असं सांगितलं जातं. फायदे होतही असतील. पण फायद्यासाठी बसलेल्याचं लक्ष श्वासाकडे नसतंच. ‘अजून शांत का वाटत नाही?’ हे तो मिनिटामिनिटाला तपासत राहतो. म्हणजे डोळे मिटूनही माणूस उद्यातच.

त्या अटीवर शिकलेले गोएंका 1969 मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. तिथल्या 10 दिवसांच्या शिबिरात पहाटे 4 वाजता घंटा होते. मोबाइल, पुस्तकं, वही-पेन आधीच जमा करायचं, बोलायचं नाही. पहिले तीन दिवस काम एकच: नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा, म्हणजे आनापान. हा प्राणायाम नव्हे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, सोबत नाम घ्यायचं नाही. नामस्मरणात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे फार जड जातं, कारण मनाला धरायला काहीच दिलेलं नसतं. चार श्वास होत नाहीत तोच घराचा हप्ता आठवतो, जुनं भांडण नव्याने सुरू होतं. तिथे सूचना एवढीच असते की मन गेलं हे कळलं की चिडू नका, पुन्हा श्वासावर या. मन भटकणं हा पराभव नाही. भटकलं हे कळणं हाच खरा सराव आहे, असं मला अनुभवाने ठाम वाटतं.

हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता मन कुठे आहे? 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: सुखद गोष्टींच्या विचारात रमलेली माणसंसुद्धा, कामात लक्ष असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती.

वर्तमान क्षण नेहमी गोड असतो असं मात्र कुणी समजू नये. गुडघा दुखत असेल तर दुखणं हाच तो क्षण. ज्यांच्या मनावर मोठा आघात आहे किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब शिबिराला बसू नये.

महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत ‘मित्र’ उपक्रमातून मुलांना आनापान शिकवलं जातं. त्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. यामुळे गुण वाढतील असं मुलांना सांगू नका. डोळे मिटा, श्वास येतोय-जातोय तो बघा, एवढंच सांगा, आणि त्यांच्यासोबत तुम्हीही बसा.