तीस तासांतला आमचा तास कोणता?



गेल्या तिमाहीत तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या एका प्रशिक्षणाला जायचा योग आला. हॉटेलचं सभागृह, दारात एका औषध कंपनीचा फलक, टेबलावर कंपनीच्याच नावाची पेनं. साठेक डॉक्टर होते, त्यात बायका आठ-दहा. सकाळभर मधुमेहावरच्या नव्या गोळ्यांवर भाषणं झाली. आयोजकांपैकी एक डॉक्टर आमच्या कामाला मदत करणारे. त्यांच्या आग्रहामुळे जेवणाआधीची दहा मिनिटं मला मिळाली.

मी भाषण केलं नाही. एकच प्रश्न विचारला. अंगावरून पांढरं जातंय अशी तक्रार घेऊन बाई आली, तर तिची आतून तपासणी तुमच्यापैकी किती जण करता, किंवा करू शकेल अशा कुणाकडे नीट चिठ्ठी देऊन पाठवता? सात हात वर झाले. बाकीचे काय करतात? कुणी म्हणालं, गोळ्या देतो. कुणी म्हणालं, सोनोग्राफी करून आणायला सांगतो. मागच्या रांगेतून आवाज आला, "बाईच तयार होत नाही तपासायला." थोडं हसू झालं आणि जेवणाची वेळ झाली.

जेवताना एक वयस्क डॉक्टर ताट घेऊन शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "ताई, कॉलेज सोडून अठ्ठावीस वर्षं झाली. कंपनीचा माणूस येतो, तो नवं औषध सांगून जातो. पण बाईशी बोलायचं कसं, तिला तपासणीला विश्वासात घ्यायचं कसं, हे तेव्हाही कुणी शिकवलं नाही आणि नंतरही नाही."

त्या माणसाचा मला राग आला नाही. पण घास उतरेना, कारण आमच्या गटातली एक बाई डोळ्यांसमोर आली.

ती ऊसतोडीला जाते. पंधराव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षापर्यंत तीन मुलं. अठ्ठाविसाव्या वर्षी ओटीपोटात दुखतं, पांढरं जातं म्हणून ती जवळच्या दवाखान्यात गेली. तिथे तपासणी झालीच नाही. सोनोग्राफीचा कागद बघून डॉक्टरांनी सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवलीत तर कॅन्सर होईल. ती माझ्याकडे आली होती. "ताई, काय करू?" आणि मी, इतकी वर्षं आरोग्याची शिबिरं घेणारी, म्हणाले, "डॉक्टर सांगतायत तर विचार करायला हवा." मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊन तिने पिशवी काढून घेतली. आज ती तेहतीस वर्षांची आहे. अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, मोळी उचलवत नाही. उचल अजून फिटलेली नाही.

ती एकटी नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. आपण तेव्हा खासगी रुग्णालयांच्या नफेखोरीवर बोललो, मुकादमाच्या खाड्यावर बोललो. ते बोलायलाच हवं होतं. पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचण्याआधी यांतली प्रत्येक बाई कुठल्या तरी पहिल्या डॉक्टरच्या समोर बसली होती. त्या पहिल्या डॉक्टरला काय माहीत होतं, हा प्रश्न आपण पुरेसा विचारला नाही.

त्याला माहीत असायला हवं ते फार अवघड नाही. सगळंच पांढरं जाणं आजार नसतं. संसर्ग असेल तर त्यावरच्या गोळ्या स्वस्त आहेत. सरकारी केंद्रांसाठी रंगांनुसार औषधांची पाकिटं ठरवून दिलेली आहेत, त्यांतलं हिरवं याच तक्रारीसाठी. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर बाई पुन्हा पुन्हा आजारी पडते. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघण्याची साधी तपासणी आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने केलेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्तींनी ही तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांना ही तपासणी मिळाली नाही, यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण शिकवलं तर शिकता येतं, हे त्यातून दिसलंच.

आणि हा प्रश्न नवा नाही. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या बायका शंभरात आठसुद्धा नव्हत्या. आमच्यातल्या कितीतरी जणी ते वाचून आरोग्याच्या कामाला लागल्या. साडेतीन दशकं उलटली आणि सभागृहात हात वर झाले सात.

डॉक्टरांनी पदवीनंतरही शिकत राहावं, असं कायद्याने सांगितलेलं आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पाच वर्षांत किमान ३० तासांचं शिक्षण अपेक्षित धरलं आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. पाच वर्षांत तीस तास, म्हणजे वर्षाला सहा. पण त्या तीस तासांत काय शिकायचं, यावर आमचं काहीच म्हणणं नाही. ज्याच्याकडे सभागृहाचे पैसे, त्याचा विषय. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी नवी संहिता काढली. ऐकायला येणाऱ्या डॉक्टरांचा प्रवास आणि मुक्काम कंपनीने करू नये, परदेशात असे कार्यक्रम घेऊ नयेत, असं तीत आहे. चांगलंच आहे. पण विषय कोण ठरवणार, हा प्रश्न तिथेही सुटत नाही. पांढरं जाण्यावरची गोळी स्वस्त असते. तिच्यासाठी कुणी हॉटेल घेत नाही.

न शिकण्याची किंमत कोण मोजतं, त्याचं आणखी एक उदाहरण देते. बलात्काराच्या फिर्यादीनंतर बाईची 'दोन बोटांची तपासणी' करणं तिच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं, अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असंही म्हणावं लागलं आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या, असा आदेश द्यावा लागला. मधली नऊ वर्षं निकाल कागदावर होता. २०१३ च्या आधी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरपर्यंत तो पोचवण्याची जबाबदारी कुणाची होती?

गर्भपाताचंही तेच. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हे १९७१ च्या कायद्यापासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने आणि २०२२ च्या निकालाने अविवाहित बाईचा हक्कही स्पष्ट झाला. आणि दवाखान्यात अजून विचारतात, "नवऱ्याची सही कुठाय?" दर वेळी त्यात दुष्टावा असतोच असं नाही. पुष्कळदा ते निव्वळ अज्ञान असतं, आणि पुरुषी समाजात अज्ञानसुद्धा बाईच्या विरोधातच झुकतं.

आता थोडं आपल्याकडे बघू. डॉक्टरांवर सक्ती वाढवा, एवढी मागणी करून आपण मोकळ्या झालो तर उद्या तासांची संख्या वाढेल, हजेरीपट भरतील, प्रमाणपत्रं छापली जातील. नुसतं व्याख्यान ऐकून डॉक्टरचं वागणं फारसं बदलत नाही, हे जगभरच्या अनुभवातून दिसलेलं आहे. समोर खरी केस ठेवून चर्चा, हाताने सराव आणि काही महिन्यांनी पुन्हा भेट, यानं फरक पडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरवर बाह्यरुग्ण, बाळंतपणं, शवविच्छेदन, बैठका आणि अहवाल यांचा किती बोजा असतो, तेही आपण पाहतो. तिला किंवा त्याला शिकायला वेळ मिळावा आणि त्या दिवशी केंद्र बंद पडू नये, ही मागणीसुद्धा आपलीच आहे.

दुसरं असं की खेड्यात बाईला पहिल्यांदा भेटणारा डॉक्टर पुष्कळदा एम.बी.बी.एस. नसतो. तो आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा असतो, त्यांच्या परिषदा वेगळ्या. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सबाई असतात, दारात आशाताई. शिक्षण मोठ्या डॉक्टरांपाशीच थांबलं, तर ते आपल्या बायकांपर्यंत यायचं नाही.

म्हणून आमच्या गटाने चार मागण्या ठरवल्या आहेत. तीस तासांपैकी किमान सहा तास बाईचं आरोग्य, तिची संमती आणि तिच्यावरची हिंसा या विषयांना राखून ठेवावेत. ते तास कंपनीच्या पैशावर होऊ नयेत. त्यांत शिकवणाऱ्यांमध्ये स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्या आणि ज्यांनी भोगलं त्या बायका असाव्यात. आणि हेच शिक्षण सर्व पद्धतींच्या डॉक्टरांना, नर्सना आणि आशांना मिळावं. डॉक्टरांना आपण काय शिकवणार, अशी शंका घेऊ नका. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'सेहत' आणि महापालिका यांनी मिळून हिंसापीडित बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, तेव्हा रुग्णालयातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन ते उभं राहिलं.

निवेदनाचा मसुदा तयार होतो आहे. पण त्याआधी प्रत्येक गटाने एक काम करावं. आपल्या तालुक्यात डॉक्टरांचं पुढचं प्रशिक्षण कधी आहे, विषय काय आहे, खर्च कोण करतंय, हे विचारून आम्हाला कळवा. आणि दहा मिनिटं मागा. मिळाली तर भाषण करू नका, प्रश्न विचारा आणि हात मोजा.

ते वयस्क डॉक्टर परवा आमच्या कार्यालयात येऊन गेले. पुढच्या महिन्यात ते दहा-बारा डॉक्टरांना त्यांच्याच दवाखान्यात बोलावणार आहेत, फलक नाही, पेनं नाहीत. आमच्या गटातली ती बाई बोलायला तयार आहे. मी तिला विचारलं, "तू काय सांगशील त्यांना?" ती म्हणाली, "सांगीन, आधी बघा, मग बोला."

मी तिच्या शेजारी बसणार आहे. या वेळी तिने काही विचारलं तर उत्तर द्यायची घाई करणार नाही.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

– संपादक