चुकून अडवलेल्या प्रवाशाचे काय?

माननीय महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर पहाटे परदेशी विमानांसाठी जी रांग लागते, तिच्यात दुबईला नोकरीसाठी निघालेला रत्नागिरीचा तरुण असतो, तसेच लेकीच्या बाळंतपणाला निघालेले सांगलीचे आईवडीलही असतात. त्यांचा व्हिसा इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या आधी विमान कंपनीचा कर्मचारी तपासतो. पासपोर्टची मुदत, व्हिसाचा प्रकार, वाटेत लागणारा ट्रान्झिट व्हिसा हे सारे तो ‘टिमॅटिक’ या प्रणालीत पडताळतो आणि काउंटरवरच निर्णय देतो.

या कडक तपासणीला कारण आहे. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला, तर ब्रिटन कंपनीकडून माणशी २,००० पौंड वसूल करू शकते. शिवाय त्याला परत आणण्याची जबाबदारीही कंपनीचीच. त्यामुळे शंका आली की कर्मचारी ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. चुकून सोडले तर कंपनीला भुर्दंड, चुकून अडवले तर सगळा फटका प्रवाशाला.

जागांपेक्षा जास्त तिकिटे विकून प्रवाशाला मागे ठेवले, तर आपल्या नियमांत २०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. वैध व्हिसा असूनही अडवलेल्याला असे संरक्षण का नसावे?

युरोपात हा प्रश्न न्यायालयात गेला. सायप्रसचा निवास परवाना असलेल्या कझाकस्तानच्या एका नागरिकाला २०१५ मध्ये लार्नाकाहून बुखारेस्टला जायचे होते. व्हिसा लागणार नाही, असे रोमानियाच्या मंत्रालयाने त्याला आधीच कळवले होते. तरीही ब्लू एअरने त्याला विमानात घेतले नाही. कंपनीने कागदपत्रे अपुरी ठरवली म्हणजे ती अपुरीच, असे मानता येणार नाही. नकार समर्थनीय होता का, हे न्यायालय तपासेल आणि तो चुकीचा ठरल्यास भरपाई मिळू शकेल, असा निकाल युरोपीय न्यायालयाने ३० एप्रिल २०२० रोजी दिला.

महोदय, आपल्या नियमावलीत तीन गोष्टी याव्यात. नकार देताना नेमका कोणता नियम आड आला, हे कंपनीने जागेवरच लेखी द्यावे. अंतिम नकारापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याने कागदपत्रे पुन्हा पाहावीत. आणि नकार चुकीचा ठरला, तर तिकिटाचे पूर्ण पैसे व भरपाई मिळावी. यांतील लेखी कारणाचा नियम आधी लागू करावा. ते हाती नसले, तर ग्राहक आयोगापुढे प्रवासी काय दाखवणार?

आपला,
एक नागरिक