सही करण्याआधी नियमावली वाचली जावी

मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,



गावात वाचनालय काढायचं ठरलं की पहिला सल्ला मिळतो, "आधी संस्था रजिस्टर करून घ्या." सात जण जमवले जातात, कारण 1860च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. आपल्या राज्यात त्याच्या जोडीला 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी लागते. ओळखपत्रं, जागामालकाचं संमतिपत्र, सारं गोळा होतं. घटना आणि नियमावली मात्र टायपिंगच्या दुकानातून तयार येते, फक्त नाव बदलून.

अशा बऱ्याच नियमावल्या मी वाचल्या आहेत. वाचनालयाच्या उद्देशांत गोशाळा असते, तंत्रनिकेतन असतं, व्यसनमुक्ती केंद्रही असतं. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. पण वर्गणी थकली तर सभासदत्व कधी जातं? अध्यक्षांनी सभा बोलावलीच नाही तर ती कोणी बोलवायची? त्यावर एखादी मोघम ओळ. संस्थेची इमारत उभी राहते, अनुदान सुरू होतं आणि त्या ओळीवरून दोन कार्यकारी मंडळं तयार होतात. दोघांचेही बदल अर्ज आपल्याच कार्यालयांत येतात. तोवर धनादेशावर सही कोणाची, हा वाद, आणि पोरांना पुस्तकं मिळत नाहीत.

उद्देश मागाहून बदलणंही सोपं नाही. 1860च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला लेखी पोचवावा लागतो, खास सभेत तीन-पंचमांश मतं लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तेवढीच. त्याच कायद्याचं कलम 14 तर फारच थोड्यांना ठाऊक असतं: संस्था विसर्जित झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. पदरचे पैसे घालणाऱ्या संस्थापकाला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं; भांडणात वकिलाकडून नव्हे.

म्हणून विनंती अशी. छोट्या संस्थांसाठी सोप्या मराठीतली नमुना नियमावली, कलमागणिक खुलाशासह, प्रत्येक जिल्हा कार्यालयात हाती मिळावी. नोंदणीपूर्वी सातही जणांना तासभर बसवून ती वाचून घ्यावी. विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत कळवायचं असतं, हेही तेव्हाच सांगावं. निरीक्षकांवर आधीच कामाचा भार आहे, हे मी जाणते. निवृत्त अधीक्षक आणि तालुक्यातले वकील यासाठी आनंदाने वेळ देतील. त्यांना फक्त आपलं पत्र जायला हवं.

आपली,
ग्रामीण संस्थांची कागदपत्रं पाहणारी एक कार्यकर्ती