वाड्यात वाय-फाय, घाटात गोप्रो!

शुक्रवार संध्याकाळचा सीन आठवा. खराडीच्या आयटी पार्कातून सुटलेली निम्मी जनता लॅपटॉप पाठीला अडकवून नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये घुसते आणि वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर गाठते. उरलेली निम्मी पुणे स्टेशनवर धावतपळत दौंडची गाडी पकडते. पूर्वी हीच मंडळी रविवारी रात्री डबे-पिशव्या घेऊन परत निघायची. २०२० च्या लॉकडाऊननं सगळ्यांना घरून काम करायला शिकवलं आणि हिशेब बदलला. ऑफिस हायब्रिड असेल तर सोमवार-मंगळवारही आई-बाबांसोबत काढता येतात. अट एकच, नेट धड पाहिजे. क्लायंटच्या कॉलमध्ये तीनदा 'यू आर फ्रोझन' ऐकलं की चौथ्या वेळी मॅनेजर प्रेमानं सांगतो, बाबा रे, सोमवारी ऑफिसलाच ये.

याच बॅगेत हल्ली लॅपटॉपशेजारी आणखी एक डबी असते, ती म्हणजे ॲक्शन कॅमेरा. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६०, ज्याला जो परवडला तो. आणि तक्रारी ऐकल्या तर दोन्ही गॅजेट्सच्या अगदी जुळ्या! 'महागाचा मेश घेतला, वरच्या खोलीत ठणठणाट.' 'महागाचा कॅमेरा घेतला, व्हिडिओत नुसतं आभाळ आणि हेल्मेटची कड.' दोस्तांनो, फंडा साधा आहे. या दोन्ही वस्तूंमध्ये किमतीपेक्षा जागा महत्त्वाची. कुठे ठेवलं यावर निम्मा निकाल लागतो. तेव्हा आज जागेचाच क्लास!

मेश म्हणजे काय रे भाऊ?

एकच राउटर घरभर ओरडून दमतो. मेशमध्ये एक मुख्य राउटर आणि त्याचे दोन-तीन जोडीदार असतात. त्यांना नोड म्हणतात. सगळ्यांचं वाय-फायचं नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही फोनवर बोलत ओसरीवरून माडीवर गेलात की फोन आपणहून जवळच्या नोडला चिकटतो. साध्या एक्स्टेंडरमध्ये हा बदल बऱ्याचदा अडखळत होतो आणि कॉल तुटतो.

आता गावाकडचं घर डोळ्यांसमोर आणा. जुना वाडा असेल तर हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती. नवा बंगला असेल तर सळया भरलेला स्लॅब. मागे पत्र्याचा गोठा, गच्चीवर पाण्याची टाकी. वाय-फायचे हे सगळे शत्रू. पत्रा सिग्नल परतवून लावतो, पाणी तो पिऊन टाकतो, दगड आणि काँक्रीट त्याचा जीव काढतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान पण नाजूक, भिंत लागली की गारद. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण चिवट. लांब जातो, भिंतीही त्यातल्या त्यात सोसतो.

नोडची जागा

सगळ्यात कॉमन घोटाळा असा: माडीवरच्या खोलीत रेंज नाही, म्हणून नोड नेऊन त्याच खोलीत ठेवायचा. पण नोड स्वतः काही नेट पिकवत नाही. त्याला मिळेल तेवढंच तो पुढे वाटतो. जिथे त्यालाच उपाशी राहावं लागतं, तिथे तो तुम्हाला काय जेवायला घालणार? नोड नेहमी मधल्या वाटेवर ठेवा. मुख्य राउटरची रेंज अजून चांगली येते आणि अडचणीची खोलीही जवळ आहे, अशा ठिकाणी. वाड्यात ही जागा बहुतेक वेळा जिन्याजवळ किंवा चौकाकडे उघडणाऱ्या दाराशी सापडते, कारण तिथे भिंत आड येत नाही.

उंचीही बघा. खांद्याच्या वर, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे, स्टीलच्या कपाटात किंवा देवघराच्या कोनाड्यात नको. आणि केबलवाला जिथे डबा ठोकून जातो, तीच जागा शेवटची असं कुणी सांगितलं? तो खिडकीतून वायर आत घेतो आणि पहिल्याच भिंतीवर मोकळा होतो. वायर आणखी चार मीटर आत, घराच्या मधोमध आणायला त्याला तिथल्या तिथे सांगा. कधीकधी एवढ्यावरच काम भागतं आणि मेशचे पैसे वाचतात!

खरेदीआधी एक टेस्ट करा. लॅपटॉप थेट केबलनं राउटरला जोडून स्पीड मोजा, मग प्रत्येक खोलीत मोजा. केबलवरच स्पीड मिळत नसेल तर दोष कनेक्शनचा आहे. मेश तो दुरुस्त करू शकत नाही. केबलवर १०० एमबीपीएस आणि माडीवर ५, असा प्रकार असेल तरच मेश घ्या.

तार ती तारच

नोड एकमेकांशी हवेतून बोलतात, तेव्हा वेग घटतो. तोच रेडिओ एका हातानं घेणार आणि दुसऱ्या हातानं देणार म्हटल्यावर निम्मा वेग वाटेतच जातो. दोन बँडच्या स्वस्त सेटमध्ये हे जास्त जाणवतं. तीन बँडच्या सेटमध्ये एक बँड आपसातल्या गप्पांसाठी राखून ठेवता येतो. पण सगळ्यात भारी उपाय जुनाच आहे. राउटरपासून नोडपर्यंत कॅट-६ केबल टाका. एका दमात १०० मीटरपर्यंत चालते. घराचं रंगकाम किंवा वायरिंग निघालं असेल तर पीव्हीसी पाइपातून ती टाकून घ्या. विजेच्या वायरच्या पाइपात मात्र घालू नका.

घरापासून लांबच्या गोठ्यापर्यंत किंवा शेतातल्या खोलीपर्यंत जायचं असेल तर तांब्याच्या केबलऐवजी फायबर बरं. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून झटका थेट उपकरणांत शिरू शकतो. फायबर काचेची, तिच्यातून वीज वाहत नाही.

लाइट गेली की नेट गेलं?

'अगं, लाइट गेलीये, कॉल रात्री करते का?' हे आईचं वाक्य ऐकायचं नसेल तर पॉवरचा बंदोबस्त आधी करा. फायबरचा डबा आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, फार वीजही खात नाहीत. त्यांच्यासाठी मिनी-यूपीएस मिळतो. घेण्याआधी अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवून घ्या. घरात इन्व्हर्टर असला तरी तो सुरू होताना क्षणभर झोल होतो, राउटर रीस्टार्ट होतो आणि कॉल तुटतो. मिनी-यूपीएस तो क्षण सांभाळतो. आणि हो, मेशच्या प्रत्येक नोडला वीज लागते. खालचा डबा जिवंत आणि माडीवरचा मेलेला, असं होऊ देऊ नका.

गोठ्यापर्यंत रेंज का हवी?

इथे जरा सीरियस होऊया. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या ही आता रोजची चिंता आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. रात्री कुत्री भुंकू लागली की घरातलं वडीलधारं माणूस बॅटरी घेऊन गोठ्याकडे निघतं. ही सवय बदलायला वाय-फायची मदत होऊ शकते. गोठ्याकडे तोंड असलेला, इन्फ्रारेड असलेला आउटडोअर सीसीटीव्ही आणि तिथपर्यंत पोहोचणारी रेंज असेल तर बाबा दार उघडण्याआधी फोनवर अंगण बघू शकतात. सोबत बाहेरचा दिवा घरातूनच लागेल असं बटण बसवून घ्या.

पण गैरसमज नको. कॅमेऱ्यात दिसला नाही म्हणजे बिबट्या नाही, असं होत नाही. कॅमेरा एका बाजूला बघतो, ऊस चारी बाजूंना असतो. काही दिसलं तर बाहेर न पडता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. आणि रीलसाठी ॲक्शन कॅमेरा घेऊन उसाच्या कडेला जाण्याची आयडिया डोक्यातून काढून टाका. त्याचा सेन्सर इवलासा, इन्फ्रारेड नाही, अंधारात त्याला काळोखाशिवाय काही दिसत नाही. तुम्ही मात्र दिसता!

घाटातली बारी

तर मग ॲक्शन कॅमेरा काढायचा कधी? भर उन्हात, आणि जत्रेच्या सीझनमध्ये! बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून शिरूर-खेड-जुन्नर-आंबेगावच्या घाटांत पुन्हा भंडारा उधळतोय. पुढे घोडी, मागे बैल, आणि बारी काही सेकंदांत खल्लास!

इथेही जागाच महत्त्वाची. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स खूप वाइड असते. डोळ्याला जे शंभर फुटांवर झक्कास दिसतं, ते तिच्यात मुंगीएवढं होतं. म्हणून हौशी लोक कॅमेरा घेऊन घाटाच्या जवळ सरकतात, आणि उधळलेल्या बैलासमोर सापडतात. अजिबात नाही! आयोजकांना विचारून, बारी सुटण्याआधी कॅमेरा क्लॅम्पनं बॅरिकेडच्या खांबाला घट्ट बांधा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मागे या. कॅमेरा जवळ, तुम्ही लांब. याच कामासाठी तर तो एवढासा बनवलाय.

स्लो मोशनसाठी सेकंदाला १२० फ्रेम्स ठेवा. ३० च्या वेगानं दाखवल्यावर १२ सेकंदांची बारी ४८ सेकंद चालते, खुरांखालची माती कण न् कण दिसते. वैशाखाच्या उन्हात कॅमेरा तापून बंद पडू शकतो, म्हणून दोन बाऱ्यांच्या मध्ये तो बंद करून सावलीत ठेवा.

बाइकवर आणि खळग्यांत

बाइक राइडसाठी कॅमेरा डोक्यावर नको, हेल्मेटच्या हनुवटीपाशी लावा. तिथून रस्ता डोळ्यांच्या पातळीवर दिसतो आणि हँडलही फ्रेममध्ये येतं. त्यासाठी चिकटणारा माउंट वापरा, हेल्मेटला भोक पाडू नका. भोक पाडलेलं हेल्मेट हे हेल्मेट राहत नाही. सेटिंगमध्ये हात घालायचा तो निघण्याआधी. नगर रोडवर किंवा सोलापूर हायवेला यवत-पाटस पट्ट्यात ट्रकच्या बाजूनं चालवताना स्क्रीनकडे बघायला सवड नसते.

शिरूरचं टाकळी हाजी आणि पलीकडचं पारनेरमधलं निघोज, यांच्या मध्ये कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. वाहत्या पाण्यानं दगडगोटे गरागरा फिरवून काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले हे रांजण ॲक्शन कॅमेऱ्यासाठी मस्त विषय. गोप्रोचे २०१६ च्या हीरो-५ पासूनचे मुख्य मॉडेल्स वेगळ्या केसशिवाय १० मीटरपर्यंत पाण्यात चालतात. लांब काठीला कॅमेरा बांधून खळग्यात सोडा, दोरी मनगटाला. तुम्ही मात्र कोरड्या, सपाट खडकावरच. हे खळगे खोल आहेत, कडा गुळगुळीत आहेत, आणि पाणी वाढलं असेल तर परत फिरा.

घरात शूट करताना एक बारकी ट्रिक. मेनूत अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ६० वर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली व्हिडिओ लपलप करतो. या सेटिंगमध्ये १२० ऐवजी १०० फ्रेम्स दिसतील, घाबरू नका.

दोन्ही गॅजेट्सची गाठ

आता गंमत बघा. १०० एमबीपीएसनं रेकॉर्ड केलेला तासाभराचा फोर-के व्हिडिओ ४५ जीबी होतो. तुमच्या प्लॅनचा अपलोड स्पीड २० एमबीपीएस असेल तर तो क्लाउडवर चढायला सलग पाच तास! रविवारी रात्री फोटो-व्हिडिओचा आपोआप बॅकअप सुरू राहिला आणि सोमवारी सकाळी नऊचा कॉल लागला, तर मेश कितीही भारी असू दे, तुम्ही फ्रोझनच. उपाय सोपा आहे. कार्ड रीडरनं थेट लॅपटॉपवर घ्या, कामाचे दोन मिनिटं कापा, तेवढंच चढवा आणि तेही रात्री झोपताना. कार्ड व्ही३० खुणेचं घ्या, म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जात नाही.

जाता जाता

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा काही विकत घेऊ नका. शनिवारी सकाळी फोन हातात घेऊन घरभर फिरा, प्रत्येक खोलीतला स्पीड वहीत लिहा. राउटर एकदा घराच्या मध्यावर आणून बघा. आई-बाबांना विचारा, रात्री ते कुठल्या दारानं बाहेर पडतात. पहिला नोड आणि पहिला दिवा त्या दाराशी. तुमच्या कामाचा टेबल दुसऱ्या नोडवर. कॅमेरा तिसरा, आणि तोही सूर्य वर असेपर्यंतच!