पिक्चर इतका गुळगुळीत कशाला?

माझ्या मित्रमंडळींत सध्या टीव्हीची साथ आलीय. टूबीएचके झाला, गाडी झाली, आता हॉलच्या भिंतीवर पंचावन्न नाहीतर पासष्ट इंची टीव्ही हवा. तोही साधासुधा नको, ओएलईडीच! टीव्ही लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन. 'अरे, एवढे पैसे घातले, पण सिनेमा सिनेमासारखा वाटतच नाही. हीरो स्टुडिओत उभा राहून सिरियल करतोय असं वाटतं.' याच्या बरोबर उलटा फोनही येतो. 'पिक्चर अडकत अडकत चालतोय रे. पीस खराब आलाय का?'

मंडळी, पीस बहुतेक वेळा चांगलाच असतो. भानगड असते ती सेटिंग्जच्या पोटात दडलेल्या 'मोशन' नावाच्या मेन्यूत. टीव्ही घेताना आपण इंच बघतो, फोर-के बघतो, ईएमआय बघतो. पडद्यावरचं चित्र हलतं कसं, हे मात्र बघायचं राहूनच जातं. आता टीव्हीवरचं चित्र हलणारच ना!

चोवीसचा हिशेब

बोलपट रुळले तेव्हापासून सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सनी चालत आलाय. 'शोले'मधला रेल्वेवरचा दरोडा असो की 'सैराट'मधली पळापळ, पडद्यावर सेकंदाला चित्रं चोवीसच. त्या किंचित थरथरत्या, किंचित पुसट हालचालीची आपल्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय झालीय. तिलाच आपण 'सिनेमाचा फील' म्हणतो.

टीव्हीचा पॅनल मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. आता ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. मग साध्या पॅनलवर जुगाड होतो. एक फ्रेम तीनदा दाखवायची, पुढची दोनदा, परत तीनदा... झाली चाल लंगडी! कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरला की हे हमखास जाणवतं. याला म्हणतात जडर. १२० ला मात्र २४ ने पाचाचा सरळ भाग जातो. प्रत्येक फ्रेम पाचदा, हिशेब चोख.

म्हणून हाय-एंड टीव्ही घेताना पहिला प्रश्न विचारा, 'पॅनल खरोखरच १२० हर्ट्झचा आहे ना?' खोक्यावर 'मोशन रेट २४०' असा काही भलामोठा आकडा छापलेला असला, तर तो मार्केटिंगवाल्यांचा समजायचा. स्पेसिफिकेशनमध्ये 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' काय लिहिलाय ते शोधा.

महागडा टीव्ही अडखळतो का?

खरी गंमत पुढेच आहे. साध्या एलसीडीचे पिक्सेल तसे आळशी. एक फ्रेम पुरती पुसली जात नाही तोच दुसरी येते, त्यामुळे धक्के आपोआप बोथट होतात. ओएलईडीचा प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो आणि क्षणार्धात बदलतो. म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा चोविसावा भाग ठाम उभी राहते आणि मग टुणकन पुढची येते. हिशेब चोख असला तरी ही उडी डोळ्याला खुपते. पांढऱ्याशुभ्र शर्टावर चहाचा डाग जास्त उठून दिसतो ना, तसंच!

यावर कंपन्यांचा तोडगा असा: दोन फ्रेम्सच्या मध्ये काय घडलं असेल याचा अंदाज टीव्हीतला प्रोसेसर बांधतो आणि मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने तयार करतो. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. नावं वेगळी, करामत एकच. आणि बरेचदा ती कारखान्यातूनच चालू होऊन येते.

प्रॉब्लेम इतकाच की या फ्रेम्स कॅमेरामनने टिपलेल्या नसतात, एडिटरने पाहिलेल्याही नसतात. सगळं इतकं गुळगुळीत हलतं की लाखोंचा सेट पुठ्ठ्याचा वाटायला लागतो. अमेरिकेत व्हिडिओवर शूट होणाऱ्या रोजच्या मालिका अशाच दिसायच्या, म्हणून याचं नाव पडलं 'सोप ऑपेरा इफेक्ट'. प्रोसेसरचा अंदाज चुकला, तर पळणाऱ्या हीरोच्या कोपराभोवती पाणी हलल्यासारखी झालर दिसते ती वेगळीच.

सिनेमावाल्यांना हे चांगलंच झोंबलं. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी चक्क व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं, 'हे बंद करा!' पुढे २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. तो निवडला की ही सगळी कारागिरी बंद. आता अनेक कंपन्यांच्या वरच्या मॉडेल्समध्ये तो मिळतो.

क्रिकेटचं गणित वेगळं

मी टॉम क्रूझइतका कट्टर नाही. कारण मॅच म्हणजे सिनेमा नव्हे. आपल्याकडे चॅनेलवरच्या लाइव्ह मॅचमध्ये सेकंदाला हालचालीचे ५० टप्पे येतात, त्यामुळे ती मुळातच सुळसुळीत असते. तिथली तक्रार असते चेंडू पुसट दिसण्याची. आजचा पॅनल एक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, आपला डोळा मात्र चेंडूमागे धावत असतो. पुसटपणा तिथूनच येतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या डब्यात चित्र क्षणभर चमकून विझायचं. 'आमच्या जुन्या टीव्हीवर चेंडू स्वच्छ दिसायचा' असं बाबा म्हणतात, ते उगाच नाही!

हीच चमक परत आणायला काही टीव्हींत दोन चित्रांमध्ये काळी फ्रेम घालायची सोय असते. चेंडू स्पष्ट दिसतो, पण उजेड कमी होतो आणि फ्लिकरने काहींचं डोकं चढतं. करून बघा, नाही झेपलं तर बंद.

मग लावायचं काय?

सिनेमा, वेबसिरीज: फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड, मोशन ऑफ. ओएलईडीवर धक्के फारच खुपले तर जडर कमी करणारा पर्याय दहापैकी दोन-तीनवर न्या. त्याच्या वर गेलात की हीरो परत सिरियलमध्ये!

क्रिकेट: वेगळा मोड ठेवा. ब्लर रिडक्शन वाढवा, जडर रिडक्शन खाली. चेंडूला शेपूट फुटली किंवा तो मध्येच गायब झाला, तर जास्त झालंय समजा.

गेम्स: गेम मोडच. बाकी प्रोसेसिंगमध्ये वेळ जातो आणि तेवढ्यात तुमचा गेम होतो.

बाहेरची स्टिक किंवा बॉक्स: त्यातही फ्रेम रेट मॅच करायचा पर्याय शोधा. स्टिकच सगळं ६० वर पाठवत असेल, तर १२० च्या पॅनलचा उपयोग काय?

बऱ्याच टीव्हींत प्रत्येक पिक्चर मोडची सेटिंग्ज वेगवेगळी राहतात. एकदा अर्धा तास घालवला की नंतर फक्त मोड बदलायचा.

आणि हो, ही सगळी परीक्षा पैसे देण्याआधी करा. दुकानात टीव्हीवर सावकाश उमलणारी फुलं आणि चमचमते पोपट चालू असतात. त्यात मोशन कळत नाही. सेल्समनकडून रिमोट मागून घ्या. एखाद्या सिनेमात कॅमेरा सावकाश फिरतो तो सीन लावा, शेवटी वर सरकणारी नावं लावा, मग मॅचचे हायलाइट्स. एकदा मोशन चालू ठेवून, एकदा बंद करून. ज्यांनी पुढची सात-आठ वर्षं तो टीव्ही बघायचाय, त्यांना सोबत न्या.

आईला गुळगुळीत पिक्चरच आवडला, तर तिच्या वेळेला तो खुशाल चालू ठेवा. त्यावरून घरात वाद नकोत. प्रत्येकाचा डोळा वेगळा. पण तुम्ही पाहताय तो सिनेमा दिग्दर्शकाचा की प्रोसेसरचा, हे तरी तुम्हीच ठरवा. कारखान्यातल्या कुणीतरी ते तुमच्यासाठी परस्पर का ठरवावं? लाख-दीड लाखाच्या टीव्हीबरोबर रिमोट फुकट मिळतो. वापरा की!