साक्ष देणाऱ्या मुलीच्या पायाशी कुत्रा

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माणसाचे काय होते, हे आम्ही वकील रोज पाहतो. घशाला कोरड पडते, हात थरथरतात, तोंडपाठ असलेली तारीख आठवत नाही. समोरचा वकील लगेच म्हणतो, साक्षीदार खोटे बोलतो आहे! वास्तविक तो फक्त घाबरलेला असतो.

काही वर्षांपूर्वी पोक्सोच्या एका खटल्यात मी पीडित कुटुंबाचा वकील होतो. नऊ वर्षांची ती मुलगी आवारातल्या भटक्या कुत्र्याला बिस्किट भरवत आईशी खुशाल बोलत होती. आत गेली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

अशाच एका मुलीच्या पायाशी 2011 साली न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सीच्या न्यायालयाने रोझी नावाची प्रशिक्षित कुत्री बसू दिली. पंधरा वर्षांची ती मुलगी स्वतःच्या बापाविरुद्ध साक्ष देत होती. ती अडखळली की रोझी तिला अंगाने बिलगे. आरोपीला शिक्षा झाली आणि 2013 साली अपिलातही न्यायालयाने रोझीची हजेरी योग्य ठरवली.

यात चमत्कार काही नाही. कुत्रा प्रश्न विचारत नाही, जात विचारत नाही, संशय घेत नाही. त्याच्या अंगावर हात फिरवताना घाबरलेले मन त्या स्पर्शात गुंतते, श्वास संथ होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने 2019 साली 249 विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहाच मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळलेल्या विद्यार्थ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, कमी झालेले आढळले.

आरोपीच्या वकिलांचा आक्षेप असा होता की, साक्षीदार खरे बोलो वा खोटे, तो तणावात दिसला की कुत्रा बिलगणारच. ज्युरीला मात्र ती सत्याची खूण वाटेल. आक्षेप बिनतोड आहे, पण ज्युरीपुरताच. आपल्याकडे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरीच हद्दपार केली. निकाल न्यायाधीश देतात आणि कुत्र्याला पाहून ते पुरावा विसरतील, असे मला तरी वाटत नाही.

मग कायदा आड येतो काय? पोक्सो कायद्याचे कलम 33(4) बालस्नेही वातावरण निर्माण करण्याची जबाबदारी विशेष न्यायालयावर टाकते आणि मुलाचा विश्वास असलेल्या नातलगाला, मित्राला हजर राहू देते. कुत्रा त्या यादीत नाही हे मान्य; परंतु मनाई कुठे आहे? महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने 2017 आणि 2022 साली असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रांबाबत आदेश दिले. सुरुवात तिथल्या प्रतीक्षा खोलीपासून करता येईल.

अर्थात आधी मुलाला विचारलेच पाहिजे. कुत्र्याने चावा घेतलेली मुले आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. त्यांना कुत्रा दिसला तर भीती दुप्पट होईल. कुत्रा शिकवलेला हवा, सोबत त्याला सांभाळणारा हवा, आणि समुपदेशकाची जागा त्याला देता येणार नाही.

पुढच्या प्रकरणात मी तसा लेखी अर्ज देणार आहे. फेटाळला तर कारणे लेखी मागेन.