विश्लेषण : ९७ ईमेल आले, तरी ४६ कोटी डॉलर बुडाले, सर्व्हरचा अलर्ट नेमका कसा हवा?

ॲप अडकलं की आपल्याला स्क्रीनवर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच दिसतं. पण बऱ्याचदा मध्यरात्री ते दुरुस्त करायला उठलेल्या इंजिनिअरलाही इतकाच मोघम अलर्ट मिळालेला असतो. असं का होतं?

लॉग आणि अलर्ट म्हणजे काय?

सर्व्हर आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. मॉनिटरिंग यंत्रणा त्यात 'एरर', 'टाइमआउट' असे ठरावीक शब्द शोधते आणि ते सापडले की अलर्ट पाठवते. मात्र अनेकदा पुढे जातो तो फक्त आकडा. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमधला मेट्रिक फिल्टर जुळलेल्या ओळी मोजतो आणि त्या मोजणीवर अलार्म वाजतो. चूक सांगणारी मूळ ओळ लॉगमध्येच राहते. अलर्टमध्ये ती हवी असेल, तर वेगळी जोडणी करावी लागते. ती नसेल, तर सेवा बंद असताना आधी हजारो ओळी चाळाव्या लागतात.

नाइट कॅपिटलमध्ये काय घडलं?

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ब्रोकर कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहून गेला होता. बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले. त्यात चुकीचा उल्लेखही होता. पण ते अलर्ट म्हणून पाठवले जात नव्हते आणि कर्मचारी ते सहसा वाचत नव्हते. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ मध्ये तिला १.२ कोटी डॉलरचा दंड केला.

म्हणजे नुसता तपशील असून भागत नाही. तो अलर्टमधून, जबाबदार माणसापर्यंत, वेळेत पोहोचावा लागतो. कोणता सर्व्हर, किती वाजता, कितीदा आणि नेमकी कोणती ओळ, एवढं तरी त्यात हवं. एकच चूक हजार वेळा आली, तर हजार नव्हे, मोजणीसह एकच अलर्ट जायला हवा. नाहीतर लोक अलर्ट बघणंच सोडून देतात.

मग सगळा लॉगच पाठवावा का?

नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने सांगितलं, की एका बगमुळे पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे नोंदले गेले होते. गैरवापर झाल्याचं आढळलं नाही, तरी ३३ कोटींहून अधिक यूजर्सना पासवर्ड बदलण्याचा सल्ला देण्यात आला. अशी ओळ अलर्टमध्ये गेली, तर ती ईमेल आणि चॅट ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसेल. म्हणून पासवर्ड, ओटीपी, मोबाइल आणि कार्ड क्रमांक लॉगमध्ये लिहिलेच जाऊ नयेत आणि अलर्ट पाठवतानाही ते झाकले जावेत. सेवा लवकर सुरू होणं आणि आपली माहिती सुरक्षित राहणं, या दोन्ही गोष्टी या एका ओळीशी जोडलेल्या आहेत.